ओठ शिवला, पुढे काय?

बाळंतीण घरी येते. बाळाच्या वरच्या ओठाला नाकापर्यंत चीर गेलेली असते. पाजायला घेतले तर दूध नाकातून बाहेर येते. पाहायला आलेल्या बायांपैकी कुणीतरी हळूच म्हणते, "गिऱ्हान पाळलं नसंल हिनं. इळीवर काही चिरलं असंल." बाळंतिणीच्या अंगात आधीच त्राण नसते, त्यात हा ठपका. ती रडते. दूध आटते. बाळ आणखी वाळते.

उमरखेडच्या वस्त्यांत काय, पैनगंगा ओलांडून हदगावकडे काय, हे बोलणे सारखेच ऐकू येते. आपल्या घरांतून पंचांग गेले, पण ग्रहणाची भीती अजून कोपऱ्यात दबा धरून बसलेली आहे. म्हणून आधी तिचा निकाल लावू. नंतर त्याहून मोठ्या गैरसमजाकडे वळू. ओठ शिवला की उपचार संपला, असे आपण धरून चालतो. तसे नाही. ओठ शिवणे ही सुरुवात असते, आणि पुढचे काम मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत चालते.

ग्रहणाचा काही संबंध नाही

पोटात बाळाचा चेहरा एकसंध तयार होत नाही. दोन्ही बाजूंनी आणि मधून छोटे उंचवटे वाढत येतात आणि एकमेकांना जुळतात. ओठ जुळण्याचे काम गर्भाच्या साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात होते. टाळू, म्हणजे डोक्यावरची नव्हे तर तोंडाच्या आतले छप्पर, बाराव्या आठवड्यापर्यंत जुळते. जुळण्यात कुठे खंड पडला की ओठ, हिरडी किंवा टाळू दुभंगलेली राहते. कुणाचा फक्त ओठ, कुणाची फक्त टाळू, तर कुणाचे दोन्ही.

आता हिशेब करा. ओठ जुळतो तेव्हा बहुतेक बायांना दिवस गेल्याचे नुकतेच कळलेले असते, काहींना तर कळलेलेही नसते. मग पाचव्या किंवा सातव्या महिन्यात लागलेल्या ग्रहणाने आधीच जुळलेला ओठ फाटेल कसा? जगभरात साधारण सातशे ते हजार जन्मांमागे एका बाळाला हे व्यंग असते. ज्या देशांत ग्रहण पाळायचे असते हेच कुणाला माहीत नाही, तिथेही अशी बाळे जन्मतात.

खरी कारणे अनेक आहेत आणि ती एकत्र येतात. काही अंश आनुवंशिक असतो, आणि तो आईकडून येतो तसा वडिलांकडूनही येतो. गरोदरपणी आईने विडी-सिगारेट ओढली तर धोका वाढतो. फिट्सवरच्या काही गोळ्यांनीही वाढतो. पण म्हणून गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. मूल हवे असे ठरवाल तेव्हाच डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घ्यावी. बऱ्याच बाळांमध्ये एकच असे कारण सापडत नाही. त्यामुळे बाळंतिणीवर ठपका ठेवण्याला काहीही आधार नाही.

तारा लावणारा डॉक्टर इथे कशाला?

वाकडे दात तारा लावून सरळ करणाऱ्या डॉक्टरला ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणतात. शहरातल्या पैसेवाल्यांच्या मुलांच्या तोंडात तारा दिसतात, म्हणून हा श्रीमंतांचा डॉक्टर असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात त्याचे मुख्य शिक्षण जबड्याच्या वाढीचे असते. मूल वाढते तसा त्याचा जबडा कुठल्या दिशेला, किती आणि केव्हा वाढतो, हे तो शिकतो.

हे मोजण्याची सोय १९३१ साली झाली. अमेरिकेतले ऑर्थोडॉन्टिस्ट हॉली ब्रॉडबेंट यांनी डोके एका चौकटीत पक्के धरून बाजूने एक्स-रे काढण्याची पद्धत मांडली. त्याच वर्षी जर्मनीतही तसेच काम पुढे आले. डोके दर वेळी त्याच जागी राहत असल्याने आजचा एक्स-रे आणि पाच वर्षांनंतरचा एक्स-रे एकमेकांवर ठेवून पाहता येतो. जबडा पुढे आला की मागे राहिला, हे मग नुसत्या नजरेवर सोडावे लागत नाही.

दुभंगलेल्या ओठाच्या बाळाला एकटा डॉक्टर पुरत नाही. ओठ आणि टाळू शिवणारा सर्जन, बालरोगतज्ज्ञ, कानाचा डॉक्टर, बोलणे शिकवणारा वाचा-उपचारतज्ज्ञ आणि ऑर्थोडॉन्टिस्ट असे पथक लागते. सर्जनचे काम काही तासांचे, पण फार नाजूक. ऑर्थोडॉन्टिस्ट मात्र पाळण्यातल्या बाळापासून मिसरूड फुटेपर्यंत त्याच मुलाचा चेहरा पाहत असतो. त्यामुळे कुठली शस्त्रक्रिया पुढे कशी निघाली, याची नोंद त्याच्याकडे जमते. ही नोंद नीट ठेवणाऱ्या डॉक्टरांनी जगातले उपचार कसे बदलले, याचे एक उदाहरण पाहू.

श्रीलंकेतल्या गॉलचे काम

मायकेल मार्स हे लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या हॉस्पिटलात काम केलेले ऑर्थोडॉन्टिस्ट. त्यांच्यापुढे एक कोडे होते. लहानपणी ओठ आणि टाळू शिवलेल्या अनेक मुलांचा वरचा जबडा मोठेपणी मागे राहायचा. चेहरा मधोमध बसल्यासारखा दिसायचा आणि खालचे दात वरच्या दातांच्या पुढे यायचे. हा दोष जन्माचाच, की शस्त्रक्रियेच्या वणाचा? इंग्लंडमध्ये याचे उत्तर मिळणे शक्य नव्हते. तिथे प्रत्येक बाळावर शस्त्रक्रिया होत होती, मग तुलना कुणाशी करणार?

उत्तर मिळण्याची शक्यता होती ती शस्त्रक्रिया पोहोचलीच नव्हती अशा ठिकाणी. १९५० साली जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब ज्या श्रीलंकेला गेले होते, त्याच देशाच्या दक्षिण टोकाला गॉल हे शहर आहे. तिथे दुभंगलेल्या ओठा-टाळूसह मोठी झालेली अनेक माणसे होती. गरिबी आणि अंतर यांमुळे त्यांना कधी उपचारच मिळाला नव्हता. १९८४ साली मार्स यांनी तिथे प्रकल्प उभा केला. लंडनहून पथक जायचे. ते शस्त्रक्रिया करायचे, आणि त्याचबरोबर एक्स-रे आणि दातांचे प्लास्टरचे साचे घेऊन नोंदी ठेवायचे. ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांना उपचारही दिला, हे या कामाचे मोठेपण.

मार्स आणि बिल ह्यूस्टन यांनी १९९० साली तेरा वर्षांवरील मुलग्यांच्या आणि पुरुषांच्या मोजमापांचा निष्कर्ष छापला. ज्यांच्यावर काहीच शस्त्रक्रिया झालेली नव्हती, त्यांचा वरचा जबडा चांगला पुढे वाढलेला होता. ज्यांचा फक्त ओठ शिवला होता, त्यांचाही बराच ठीक होता. लहानपणी ओठ आणि टाळू दोन्ही शिवलेल्यांत मात्र जबडा मागे राहिलेला अधिक दिसला. म्हणजे वाढीची ताकद या मुलांच्या हाडात जन्मापासून असते. भाजलेल्या जागी वण आकसून कातडी ओढली जाते, तसा टाळूवरचा वण वाढत्या जबड्याला ओढून धरतो.

मग टाळू शिवूच नये का? शिवलीच पाहिजे. गॉलमधल्या कामाची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. त्याच प्रकल्पातल्या वाचा-उपचारतज्ज्ञ डेबी सेल यांनी टाळू उशिरा, किशोरवयात शिवलेल्यांचे बोलणे तपासले. टाळू बंद झाली तरी त्यांतल्या बहुतेकांचे बोलणे सुधारले नव्हते. टाळू उघडी असताना लागलेली बोलण्याची सवय पक्की झाली होती. जबडा चांगला, पण बोललेले कुणाला कळत नाही, अशी त्यांची स्थिती होती.

बोलणे बिघडते कसे, ते आपल्याच घरातल्या शब्दांवरून पाहा. 'प', 'ब', 'भ', 'ट', 'क' म्हणायला तोंडात हवा कोंडावी लागते. टाळूला भोक असेल तर ती हवा नाकातून निसटते. मग 'बाबा'चे 'मामा' होते आणि 'जयभीम'चे 'जयमीम' होते. शाळेतली पोरे गेंगाणा म्हणून चिडवतात. मूल बोलायचेच सोडून देते, आणि वर्गातले हुशार पोर ढ ठरते. या मुलांची बुद्धी सहसा इतर मुलांसारखीच असते, हे शिक्षकांनीही लक्षात ठेवायला हवे.

साच्यांवरून शिकवणे

मार्स आणि त्यांच्या लंडन व ऑस्लोच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली एक सोपी मोजपट्टी तयार केली. तिचे नाव गॉसलॉन. साधारण दहा वर्षांच्या मुलाच्या दातांचा प्लास्टर साचा घ्यायचा आणि त्याला एक ते पाच यांपैकी क्रमांक द्यायचा. एक-दोन म्हणजे जबडे छान बसतात, तारा लागल्या तरी थोड्याच. तीन म्हणजे तारांचे काम मोठे, पण जमण्यासारखे. चार म्हणजे काठावरचे. पाच म्हणजे मोठेपणी जबड्याची शस्त्रक्रिया लागणार.

ही मोजपट्टी वापरायची तर आधी ती शिकावी लागते. सगळ्यांनी तेच साचे पाहायचे, क्रमांक द्यायचे आणि आपला क्रमांक दुसऱ्यांशी जुळतो का ते तपासायचे. असे संशोधन आपोआप शिकवणे झाले. एका हॉस्पिटलची मुले बहुतेक दोन क्रमांकात आणि दुसऱ्याची चार क्रमांकात, असे दिसले की दुसऱ्याला आपली पद्धत तपासावीच लागते. पुढे मार्स, सेल आणि बालरोगतज्ज्ञ अ‍ॅलेक्स हॅबेल यांनी गरीब देशांतल्या उपचारांवर २००८ साली एक पुस्तकही संपादित केले.

मँचेस्टरचे ऑर्थोडॉन्टिस्ट विल्यम शॉ यांनी असेच मोजमाप युरोपभर केले. तिथल्या २०१ पथकांना विचारले तेव्हा एकाच बाजूने दुभंगलेल्या ओठा-टाळूसाठी उपचाराच्या १९४ वेगवेगळ्या पद्धती निघाल्या. प्रत्येकाला आपलीच बरोबर वाटत होती! टाळू नेमकी कधी शिवावी, या प्रश्नावर मोठी चाचणी झाली तिच्यातही शॉ होते. तिचा निष्कर्ष २०२३ साली आला. फक्त टाळू दुभंगलेली, बाकी ठणठणीत अशी ५५८ बाळे तिच्यात होती. काहींची टाळू सहा महिन्यांची असताना शिवली, काहींची बारा महिन्यांची असताना. पाच वर्षांची झाल्यावर पहिल्या गटात शेकडा ८.९ मुलांची टाळू बोलताना नीट बंद होत नव्हती, तर दुसऱ्या गटात शेकडा १५ मुलांची. म्हणजे बोलण्यासाठी लवकर शिवणे फायद्याचे ठरले. मात्र इतक्या लहान बाळाला भूल द्यायला सगळी सोय असलेले हॉस्पिटल लागते. आपल्याकडे बाळाचे वजन आणि रक्त पाहून सर्जन बहुधा नऊ ते बारा महिन्यांची वेळ देतात. ती वेळ चुकवायची नाही, एवढे आपल्या हातात आहे.

वयाप्रमाणे काय करायचे

जन्म ते तीन महिने: दूध आणि वजन, याच दोन गोष्टी. टाळू दुभंगलेल्या बाळाला ओढून पिता येत नाही. आईचे दूध काढून बोंडल्याने किंवा चमच्याने, बाळाला बरेचसे उभे धरून, थोडे थोडे पाजा. निजवून पाजू नका, दूध श्वासनळीत जाते. पिताना हवा जास्त जाते म्हणून मधून मधून ढेकर काढा. थोडे दूध नाकातून आले तर घाबरू नका. दर आठवड्याला वजन करा.

याच काळात काही केंद्रांत ऑर्थोडॉन्टिस्ट बाळाच्या हिरडीला छोटी पट्टी बसवून चीर जवळ आणतात आणि नाकाला आकार देतात. न्यूयॉर्कचे ऑर्थोडॉन्टिस्ट बॅरी ग्रेसन यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत पुढे आणली. पहिल्या काही आठवड्यांत नाकाची कूर्चा मऊ असते, म्हणून तेव्हाच सुरू करावी लागते आणि वारंवार जावे लागते. दूरच्या माणसाला ते जमेलच असे नाही. जमले नाही तर बाळाचे नुकसान केले असे मानू नका. ओठाची शस्त्रक्रिया तिच्याशिवायही होते.

तीन ते सहा महिने: ओठ शिवणे. वजन साधारण साडेचार-पाच किलो आणि रक्त दहाच्या वर हवे. बाळ अशक्त असेल तर तारीख पुढे जाते, म्हणून दुधाची काळजी आधी.

नऊ ते बारा महिने: टाळू शिवणे. काही कारणाने लांबलेच तर दीड वर्षाच्या पुढे जाऊ देऊ नका. ओठ दिसतो म्हणून लोक धावपळ करून शिवून आणतात. टाळू दिसत नाही म्हणून राहून जाते.

दोन ते पाच वर्षे: बोलणे आणि कान. या मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साचते आणि कमी ऐकू येते. कानाची तपासणी करा. वाचा-उपचारतज्ज्ञाने दिलेला सराव घरी रोज करून घ्या. दुधाचे दात किडू देऊ नका. किडून पडलेला दात मागे जागा बिघडवून जातो.

सात ते अकरा वर्षे: ऑर्थोडॉन्टिस्टचे सर्वांत मोलाचे काम इथे आहे. हिरडीतल्या फटीत हाड नसते, त्यामुळे येणाऱ्या पक्क्या सुळ्याला आधार मिळत नाही. ऑर्थोडॉन्टिस्ट आधी वरचा जबडा रुंद करतात, मग सर्जन कमरेच्या हाडातला थोडा भाग घेऊन फटीत भरतात. सुळा यायच्या आत हे झाले तर तो त्या हाडातून खाली उतरतो. सुळा येऊन गेल्यावर तितका लाभ मिळत नाही.

बारा ते पंधरा वर्षे: पक्क्या दातांना तारा.

सतरा-अठरा वर्षांनंतर: वाढ थांबल्यावर, गरज असेल तरच जबडा पुढे आणण्याची शस्त्रक्रिया आणि नाकाची दुरुस्ती.

उमरखेडहून कसे जायचे?

पहिली खबर आशाताईंना द्या. बाळंतपणानंतर त्या घरी येतातच, तेव्हा बाळाचे तोंड उघडून टाळूही पाहायला सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुले तपासते. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि उपचार यात मोफत आहेत, आणि दुभंगलेला ओठ व टाळू यांचा त्यात स्पष्ट समावेश आहे. पथकाकडून जिल्ह्याला पाठवण्याची चिठ्ठी घ्या.

यवतमाळचे वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालय आपल्या जिल्ह्याचे. नांदेडचे शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालय आपल्याला जवळचे. दात आणि जबड्याच्या कामासाठी नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासून आहे. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. तिथे ऑर्थोडॉन्टिक्सचा स्वतंत्र विभाग आहे. शिकवणारे, शिकणारे आणि रुग्ण एकाच छताखाली असतात, म्हणून तारांचा खर्चही खासगीपेक्षा खूप कमी येतो. दाखल करण्याआधी आरोग्यमित्राला भेटून महात्मा फुले योजनेत कुठला खर्च बसतो ते विचारून घ्या. दुभंगलेल्या ओठाची शस्त्रक्रिया मोफत करणाऱ्या संस्थांशी जोडलेली हॉस्पिटलेही आहेत. शिबिरात ओठ शिवून घेत असाल तर एकच प्रश्न विचारा: "टाळू, बोलणे आणि दात यांसाठी पुढे कुठे यायचे?" उत्तर कागदावर लिहून घ्या.

आपली खरी अडचण पैशापेक्षा खाड्याची असते. एक खेप म्हणजे दोन दिवसांची मजुरी आणि भाडे. दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा शहरात कामाला गेले की तारीख हुकते, आणि एकदा हुकली की वर्ष जाते. यावर तीन उपाय आहेत. सर्जन, दातांचे डॉक्टर आणि वाचा-उपचार यांच्या तारखा एकाच दिवशी मागा. अडचण सांगितली की बरेच डॉक्टर जमवून देतात. सगळे कागद, एक्स-रे आणि फोटो एकाच पिशवीत ठेवा, आणि गाव सोडताना ती पिशवी बरोबर न्या. आणि शक्यतो केंद्र बदलू नका, कारण आधीच्या नोंदी असल्याशिवाय वाढ मोजता येत नाही.

आपली मुले या बाजूला

आपल्या बारावी सायन्सच्या मुलामुलींनी याही वाटेचा विचार करावा. 'नीट'मधून पाच वर्षांचे बीडीएस, मग 'नीट-एमडीएस'मधून तीन वर्षांचे ऑर्थोडॉन्टिक्स. जात वैधता प्रमाणपत्र बारावीच्या आधीच काढून ठेवा, आणि वसतिगृह मिळाले नाही तर स्वाधार योजनेची चौकशी करा. वाट लांब आहे. पण 'जयमीम' म्हणणाऱ्या पोराला नेमके काय म्हणायचे आहे, हे आपल्या वस्तीतल्या डॉक्टरला लगेच कळेल.

आणि ज्यांचा उपचार अर्धवट राहिला आहे, त्यांच्यासाठी शेवटचे. तुमच्या गल्लीत ओठ शिवलेली पण गेंगाणे बोलणारी पंधरा वर्षांची मुलगी असेल. पन्नाशीचा एखादा माणूस आयुष्यभर तोंडावर रुमाल धरून बसला असेल. गॉलच्या केंद्रातही असेच मोठे झालेले लोक आले होते, आणि त्यांच्यावरही शस्त्रक्रिया झाल्या. उशिराने बोलणे पूर्ण सुधारेलच असे नाही, पण ओठ, दात आणि नाकातून येणारे अन्नपाणी यांत मोठा फरक पडू शकतो. त्यांना टोपणनावाने हाक मारणे आजपासून बंद करा, आणि पुढच्या खेपेला त्यांच्याबरोबर दवाखान्यात कुणीतरी जा.